उजव्या मोज्यातली सुरी

३ जून, सोमवार
शनिवारी दोन वाजता किर्स्टीचं लग्न, बेटावर, स्टॉर्नोवेला. मी वधूपिता. किल्ट घालणार, आम्हा स्कॉटिश पुरुषांचा लोकरी घागरा, आणि उजव्या मोज्यात आजोबांची स्कीअन डू. चार इंचांची सुरी, पण मूठ वर दिसायलाच हवी. लपवली तर यजमानावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. हल्ली कुणाला माहीत नसतं. मला आहे.

४ जून
ऊना लेकीबरोबर आधीच बेटावर गेली आहे. फोनवर म्हणाली, सुरी मोठ्या बॅगेत टाकून दे, मोज्यात घालून विमानात बसू देणार नाहीत. बायकोला कायदा कोण सांगणार? राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सुरी चालते, असं स्वच्छ लिहिलंय. कागद छापून घेतला. महत्त्वाची ओळ पिवळी केली.

५ जून
शेजारचा हेक्टर म्हणाला, मर्डो, तो कायदा रस्त्यावरचा, विमानाचं वेगळं. हेक्टर पोलिसात होता खरा, पण जन्मभर वाहतूक शाखेत. दुर्लक्ष.

७ जून, शुक्रवार, सकाळी ७.२०
विमानतळ. अंगात किल्ट, मोज्यात सुरी. तपासणीवरच्या मुलीने कागद पूर्ण वाचला. मग म्हणाली, काका, बॅगेत घालून सामानात द्या, अजून वेळ आहे. म्हटलं, प्रश्न वेळेचा नाही, तत्त्वाचा आहे. मागचा माणूस म्हणाला, तत्त्व घेऊन जरा बाजूला व्हा.

८.१०
विमान गेलं. नैतिक विजय माझा. बसने उलापूलला जायचं, तिथून संध्याकाळची बोट. आरामात पोचतो.

दुपारी २.४०
इन्व्हर्नेसला बस बदलताना पावसाने झोडपलं. आठ वार लोकर पाणी पिऊन बसली. कॅफेतल्या हीटरवर किल्ट वाळत घातला, पँट चढवली. सुरीने सफरचंद सोलत होतो. शेजारच्या टेबलावर पोलीसबाई. तिलाही कागद दिला. पिवळी ओळ वाचून तिने विचारलं, राष्ट्रीय पोशाख कुठाय? मी हीटरकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, आजोबा, तो तुम्ही घातलेला नाही.

सायंकाळी ६
जबाब, ताकीद, सह्या. सुरी जप्त. बोट गेली. उद्या सकाळची आहे. काळजी नाही.

८ जून, शनिवार
वाऱ्यामुळे बोट तीन तास उशिरा सुटली. निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?

चर्चमध्ये पोचलो तेव्हा चार वाजले होते. फोटोसुद्धा काढून झाले होते. पाऊण तास थांबले म्हणे, मग माझ्याऐवजी ऊनाच किर्स्टीला हात धरून आत घेऊन गेली. मी किर्स्टीला सगळं सांगितलं, विमानतळ, कायदा, पोलीसबाई. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, बाबा, मला सुरी नको होती, तुम्ही हवे होतात. मग विचारलं, काही खाल्लंत का?

चिडली असती तर माझी बाजू मांडता आली असती.