तुमच्या दारावरून चार वेळा

कोलशेत, ठाणे
रविवार दुपार

मोठागावच्या थोरल्या वन्सं मीराबाई यांच्या पायांशी भावजय सखुबाईचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली वाकता येत नाही, म्हणून पत्रातच वाकून घेते. इथे कितीही वाकलं तरी उठवायला कोणी लागत नाही.) तुमची साखर, तुमचा दमा आणि तुमचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. पहिल्या दोघांना गोळ्या आहेत. तिसऱ्यासाठी हे पत्र. माझी तब्येत म्हणाल तर डॉक्टर म्हणतात छान आहे. त्यांना एवढंच बघता येतं.

मी सांगतेय आणि समोरच्या फ्लॅटमधली अक्षदा लिहितेय. बँकेत नोकरीला आहे, रविवारी घरी असते. अक्षर मोत्यासारखं आहे असं ती स्वतःच म्हणाली. मला काय, मोती काय आणि तांदूळ काय, सगळं सारखंच. मी आपल्या बोलीत सांगते, ती शाळेच्या मराठीत उतरवते, तेव्हा ऐकताना मी फार शहाणी वाटले तर दोष तिचा. तिकडे तुम्हाला नात वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. (प्रीती, बाळा, आजीला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून वाचू नको, अख्खा मोठागाव गोळा होईल. फक्त जिथे मी तिला टोचून बोललेय तिथे आवाज जरा चढव.)

आता मुद्दा. गेल्या मंगळवारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. वाजतो, वाजतो, आणि मग ती बाई बोलायला लागते. आधी वाटलं चार्जिंगला लावला असेल. मग प्रीतीने हळूच सांगितलं, की माझा फोटो दिसला की तुम्ही फोन पालथा घालता आणि वर उशी ठेवता. कारणही सांगितलं: भावजय एवढ्या मोठ्या काळ्या गाडीतून दारावरून चार वेळा गेली, चारही वेळा हात हलवला, आणि एकदाही उतरली नाही. सगळं खरं आहे. नणंदेच्या दारावरून न थांबता जाणं म्हणजे काय, हे मला कळत नाही असं समजू नका. या घरात मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिला धडा तुम्ही तोच दिला होता, तोही चुलीतल्या लाकडाने दाखवत. पण वन्सं, यात गाडीचा गुन्हा किती आणि माझा किती, एवढं ऐका आणि मग उशी ठेवा.

गाडी हर्षितची. (नातू माझा, पण तुमच्याच भावाचा, तेव्हा निम्मी लाज तुमचीही.) घोडबंदर रोडवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि समोरच्या काचेला आडवा तडा गेला. मला वाटलं, काच फुटली, नवी बसवतील, संपलं. तुमच्या दिरांच्या टेम्पोची काच फुटली होती तेव्हा त्यांनी पावसाळाभर प्लास्टिक लावून रेती वाहिली, आठवतं? पण ही गाडी मोठ्या घरची. तिला आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक डोळा आहे. कॅमेरा. त्या डोळ्याने ती रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघते, पुढची गाडी किती लांब आहे ते बघते, कोणी मधे आलं तर हर्षितच्या आधी स्वतः ब्रेक मारते, आणि तो पट्टा सोडून भरकटला की स्टिअरिंग थरथरवून त्याला समज देते. (हे काम मी त्याच्या जन्मापासून करत आले. मला कोणी सर्व्हिसिंगला नेलं नाही.) काच बदलली की तो डोळा केसभर हलतो आणि गाडीला सगळं जग जरासं तिरकं दिसायला लागतं. मग तिला पुन्हा सरळ बघायला शिकवायचं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. हा शब्द घरात इतक्या वेळा ऐकला की आता मी तो अक्षदापेक्षा स्वच्छ म्हणते.

माजिवड्याच्या वर्कशॉपला मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण घरी बसून करणार काय? लेक आणि सून शहापूरच्या फार्महाऊसवर आंबे मोजतात, हर्षित रात्री उशिरा येतो, आणि चौदाव्या मजल्याच्या खिडकीत कावळासुद्धा येऊन बसत नाही. वर्कशॉपमध्ये मात्र मजा होती. जमीन अशी सपाट, की सांडलेलं पाणीसुद्धा कुठे जावं म्हणून विचारात पडेल. गाडी मधोमध उभी केली, चाकांपासून दोऱ्यासारख्या लाल उजेडाने अंतरं मोजली, आणि तिच्या समोर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा मोठा फळा उभा केला, लग्नात अंतरपाट धरतात तसा. धनेश नावाचा मिस्त्री होता, पिकल्या मिशांचा, लॅपटॉपवाला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग हर्षितच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मला बाहेर खुर्ची आली. माझ्या पातळाच्या जरीवरून उजेड उलटतो आणि गाडीचं लक्ष विचलित होतं म्हणे. या वयात कोणाचं लक्ष विचलित करीन असं वाटलं नव्हतं, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

गाडी शिकूनसवरून घरी आली. आता नवी वस्तू आली की आपण काय करतो? नवी काच म्हणजे गाडीचा नवा चेहराच की. हर्षित झोपलेला होता. मी लिफ्टने खाली गेले, वॉचमनला स्टूल धरायला लावलं, आणि काचेच्या बरोब्बर मधोमध, वरती, जिथे कपाळ असतं तिथे हळद लावली आणि वर तेलात कालवलेलं कुंकू, पाची बोटांनी, हात आखडता न घेता. डोळा आरशामागे आहे हे मी ऐकलं होतं. पण आरशामागे म्हणजेच कपाळावर, हे स्टुलावर चढल्यावर कोणाला सुचतं? (अक्षदा हसतेय. लिहून झालं की हस.) सकाळी हर्षित ऑफिसला निघाला आणि उड्डाणपुलावर गाडीने सांगून टाकलं की मला काही दिसत नाही. सगळे दिवे पेटले. त्याने कडेला घेऊन रुमालाने, मग पाण्याने, मग कसल्यातरी फवाऱ्याने ते कुंकू काढलं. तेलातलं ते, सुखासुखी जातं होय? बाहेरून जात नाही म्हणून रागाच्या भरात आतूनही घासलं, आणि डोळ्याचं झाकणच हललं. म्हणजे शिकलेलं सगळं पाण्यात.

घरी आल्यावर तो ओरडेल म्हणून मी तयारीत बसले होते. उत्तरंही जुळवून ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "आजी, तू ना... सोड." आणि कानात ती पांढरी बोंडं घालून खोलीत गेला. दोन दिवस घरात सोड एवढाच शब्द होता. तुमचा भाऊ रागावला की ताट भिरकावायचा, तेव्हा निदान ताट उचलायचं काम तरी असायचं.

मंगळवारी मात्र तो आपणहून म्हणाला, "आजी, मोठागावला जातोय, येतेस?" वन्सं, मी काय समजणार? मी समजले, माझं तोंड बघवेना म्हणून नातू मला तुमच्याकडे नेतोय. मी हिरवं पातळ नेसले. पहाटेच उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, तुम्हाला आवडतं तसं सुकट भाजून डब्यात घातलं, दोन दिवसांचे कपडे बोचक्यात बांधले. (दोन म्हणते, चार होते.) खाली आले तर पुढच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन धनेश. तेव्हा कळलं, की या खेपेला गाडीला रस्त्यावर चालवत शिकवायचं होतं. त्याला दोन्ही बाजूंना ठळक पांढरे पट्टे असलेला सरळ रस्ता लागतो. घोडबंदर तर मेट्रोने उकरून ठेवलाय, तिथे पट्टे शोधायचे तर खणून काढावे लागतील. म्हणून धनेशने माणकोलीचा नवा पूल नक्की केला होता. पूल तुमच्या दाराशी उतरतो हा पुलाचा दोष.

नियम असा: पुलावर एका वेगात जायचं, तुमच्या दाराशी वळसा घ्यायचा, पुन्हा पुलावर चढायचं. गाडी बंद करायची नाही आणि दार उघडायचं नाही. दार उघडलं की शिकवणी पहिल्यापासून. मी म्हटलं, अरे, आत्याआजी पडवीत बसलीय, मला नुसती उतरव आणि तुम्ही फिरत बसा. धनेश हात जोडून म्हणाला, "आजी, मोठ्या मुश्किलीने पट्टे पकडलेत तिने. आता नको ना." हर्षितने आरशातून माझ्याकडे बघितलं. कुंकवाचा डाग अजून ताजा होता, मी गप्प बसले.

पहिल्या फेरीला तुम्ही खुर्चीवर होतात. मला बघून उठलात. मी हात हलवला. दुसऱ्या फेरीला तुम्ही फाटकाशी उभ्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा, माझ्यावरून उतरून टाकायला. वन्सं, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळणारं आता दुसरं कोण उरलंय? मी हात हलवला, आणि निदान काच खाली करून दोन शब्द बोलावे म्हणून दाराजवळचं बटण दाबलं. काच हलली नाही, माझी पाठ हलली. सीट मागे मागे जायला लागली, पाय वर यायला लागले, आणि खालून कोणीतरी कमरेत गुद्दे मारायला लागलं. (त्याला मालिश म्हणतात आणि लोक त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात.) म्हणून तिसऱ्या फेरीला तुम्हाला फक्त माझा हात दिसला असेल. मी मस्तीत नव्हते, आडवी होते. चौथ्या फेरीपर्यंत हर्षितने मला कशीबशी बसती केली, तोवर तुम्ही खुर्ची भिंतीकडे फिरवली होती. तांब्या पायरीवर होता. मी तुमच्या अंबाड्याला हात हलवला.

शिकवणी पूर्ण झाली तेव्हा आम्ही पुलाच्या माणकोलीकडच्या टोकाला होतो. धनेशने टाळी वाजवली. मी बोचकं सावरलं, म्हटलं आता वळेल. तेवढ्यात हर्षितचा फोन वाजला, ऑफिसात कसलीशी मीटिंग लवकर आली होती. तो म्हणाला, "आजी, नेक्स्ट टाइम नक्की." मी बरं म्हटलं. मी बोलले असते तर त्याने गाडी वळवली असती, पोरगा वाईट नाही. पण मग तो फाटकाबाहेर घड्याळ बघत उभा राहिला असता, आणि तुम्ही ते बघितलं असतं. बोचकं परत चौदाव्या मजल्यावर आलं. सुकट भाकरी मी रात्री टीव्हीसमोर बसून खाल्ली. छान झालं होतं, मीठ बेताचं. सांगायला कोणी नव्हतं म्हणून आता तुम्हाला सांगते.

गाडी आता सरळ बघते. काल तिने एका कुत्र्याला वाचवलं. तेव्हा वन्सं, भावजयीचं चुकलं असं समजा, थोरल्या आहात, पदरात घ्या. तुमच्या जावयांना नमस्कार, प्रीतीला आशीर्वाद, आणि शेजारच्या ज्या बाईने मी तिसऱ्या फेरीला दारू प्यायले होते असं सांगितलं, तिला माझी आठवण आहे म्हणावं.

तुमच्या भावाची बायको,
सखुबाई
(अंगठा लावणार होते. अक्षदा म्हणते पत्राला लागत नाही.)

ता.क. अक्षदाने वाचून दाखवलं. म्हणाली, माफी छान झालीय, रुसवा नक्की जाणार. तेव्हा घाईने हे पुढचं. वन्सं, रुसवा सोडू नका. हर्षितला वाईट वाटलंय, तो एक-दोन दिवसांत तुम्हाला फोन करणार आहे. फार गोड आवाजात सॉरी म्हणतो, विरघळू नका. त्याला सांगा, नणंदेचा मान फोनवर होत नसतो. भावजय स्वतः साडीचोळी घेऊन येऊन माझ्या घरी आठ दिवस राहिल्याशिवाय मी कोणाशी बोलणार नाही. आठच सांगा, तो घासाघीस करून चारावर आणेल. मला यावंसं वाटतं म्हणून इथे कोणी गाडी काढत नाही. तुम्ही रुसलात म्हणून काढतील. (प्रीती, हे एकदाच वाच, आणि दार लावून.)

ता.क. दुसरा. पानावर थोडी जागा उरलीय असं अक्षदा म्हणते. दुपारी जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत घरात मी एकटी असते. तेव्हा माझा फोन आला तर उशी बाजूला करा. बोलू नका, रुसलेल्याच राहा, ठरलंय ते ठरलंय. नुसता उचलून पडवीत ठेवा. तुम्ही कोणावर तरी ओरडत असालच, तेवढं मी ऐकत बसेन.