मागच्या डाव्या कोपऱ्यातला पाव

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तुझा गुडघा, तुझी झोप आणि शेजाऱ्यांशी चाललेलं तुझं नळाचं भांडण, या तिन्हींची खुशाली कळली. पहिल्या दोन गोष्टी लवकर सुधारोत आणि तिसरीत तू जिंकावीस. (नळ तुझ्याच बाजूला आहे. मागच्या खेपेला मी टेपने मोजलं होतं, पण तेव्हा कुणी विचारलं नाही.) माझी तब्येत उत्तम आहे. वजन होतं तेवढंच आहे, खोली तीच आहे आणि मी उपाशी राहत नाही. हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखव. दोनदा.

आता तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी. पहिली अशी की तुझा ओव्हन अजून डाव्या बाजूने जास्त तापतो, तर मी एखाद्या रविवारी येऊन तो दुरुस्त करावा, कारण 'घरात एवढी शिकलेली मुलगी असताना बाहेरचा माणूस कशाला'. दुसरी गोष्ट तू गुडघ्याचं मलम आणि नळ यांच्या मधे सहज टाकून दिलीस: 'अगं, तो काळा पाव मला कधीच आवडला नाही. कुणी घेत नव्हतं, टाकवत नव्हता, म्हणून मी खायचे. माझं बघून तू तसलं काही खात बसू नकोस.' आत्या, इतकी मोठी बातमी मलमाच्या आडून देतात का? मी सुट्टीत तुझ्याकडे यायचे तेव्हा सात वर्षांची होते. रोज सकाळी ओव्हनमधून दोन पाव निघायचे, उजवीकडचा सोनेरी आणि डावीकडचा काळ्या पाठीचा. सोनेरी सगळ्यांत वाटला जायचा आणि काळा स्वतःकडे ओढून तू म्हणायचीस, "हा माझा. मला हाच आवडतो." मला वाटायचं, बाई पक्की आहे, चांगलं ते बरोबर स्वतःला ठेवते. म्हणून मी हट्टाने त्यातला अर्धा मागून घेतला. आता वीस वर्षांनी तू कळवतेस की मी ज्या मापावरून माझी जीभ लावून घेतली, ते मापच खोटं होतं. माझ्या कामात अशा उपकरणावर लाल चिठ्ठी चिकटवून ते कपाटात टाकतात.

तरीही मला तो पाव आवडतो. कारण खोटं निघालं म्हणून आवड खोटी ठरत नाही. मला काय आवडतं तेही नेमकं सांगते, म्हणजे आई 'करपलेला' हा शब्द वापरायचं थांबवेल. पाठ काळसर तपकिरी हवी, बोटाने टकटक केली की आवाज यायला हवा, सुरी लागताच तिचा चुरा उडायला हवा, आणि आत मात्र पाव मऊ व किंचित ओलसर हवा. करपलेल्याला राखेची चव येते, याला येत नाही. (मागे एकदा मी डोळ्यांना रुमाल बांधून दहा वेळा दोन्ही प्रकार चाखून पाहिले. आठ वेळा काळाच आवडला. उरलेल्या दोन वेळांबद्दल मी विचार करते आहे.)

इथे माझ्या खोलीच्या बरोबर खाली एक बेकरी आहे. नवरा भट्टी सांभाळतो, बायको दुकान. रोज सकाळी पहिल्या घाण्यातला एक पाव, मागच्या डाव्या कोपऱ्यातला, काळ्या पाठीचा निघायचा आणि ती दोघं तो घरातलं भांडण लपवावं तसा फडताळामागे लपवायची. मी पहिल्याच आठवड्यात तो शोधून काढला आणि मागितला. बाईंनी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला. मी म्हटलं, मला आवडतो. त्या म्हणाल्या, "हो हो, आवडतोच," आणि सोबत कागदात दोन बिस्किटं घातली. मी बिस्किटं परत केली. दुसऱ्या दिवशी चार आली. माझी नोकरी चांगली आहे, हे मी त्यांना तीनदा सांगितलं, पण ज्याची नोकरी चांगली असते तो तीनदा सांगत नाही असं त्यांना वाटलं असावं. एका सकाळी तर त्यांनी विजयी मुद्रेने सोनेरी पाव पुढे केला. "ताई, आज लपवून ठेवला हो तुमच्यासाठी, चांगला मिळालाय!" मी तो काउंटरवरच ठेवला आणि काळा घेऊन वर आले. त्या दिवसापासून बेकरीत माझं नाव 'काळ्या पाववाल्या ताई' पडलं. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ जिन्यात भेटले की मला तब्येतीला जपायला सांगतात.

असं असतानाही आठ महिने मी रोज माझाच पाव खाल्ला. मग गेल्या महिन्यात साहेबांनी कामाचा कागद हातात दिला, त्यावर माझ्याच इमारतीचा पत्ता. बेकरीला एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराला पाव पुरवायचे होते आणि त्यासाठी भट्टी सगळीकडे सारखी तापते असा दाखला हवा होता. असे दाखले द्यायचे की नाही ते मी ठरवते. (तू अजून सगळ्यांना सांगतेस की मी 'थर्मामीटरच्या कंपनीत' आहे. थर्मामीटर खरं बोलतं की खोटं, ते मी तपासते. फरक आहे.) मी पेटी घेऊन आत शिरले तर बाई ओरडल्या, "अहो, बाहेर या! ह्या तर आपल्या काळ्या पाववाल्या!" बेकरीवाले पिठाचे हात पुसत बाहेर आले आणि मी ताप मोजायच्या तारा मांडेपर्यंत पुसतच राहिले.

भट्टीत नऊ ठिकाणी तारा लावायच्या असतात. आठ लावून झाल्या. नववी मागच्या डाव्या कोपऱ्यातली. ती तार चार बोटं आत सरकवली असती तर आकडा मर्यादेत आला असता, दाखला मिळाला असता, इस्पितळाला उरलेले चांगले पाव मिळाले असते आणि मला माझा. कुणालाही कळलं नसतं. नववी तार हातात धरून मी साधारण चाळीस सेकंद उभी होते. हे साहेबांना माहीत नाही आणि आईला कळायची गरज नाही. मग मी ती जिथे लावायची असते तिथेच लावली. भट्टीच्या काट्यावर दोनशे वीस आणि कोपऱ्यात दोनशे सत्तेचाळीस.

"कोपरा बाद आहे," मी म्हटलं.

"म्हणजे कागद मिळायचा नाही?" बाईंनी विचारलं. नवऱ्याने हात पुसायचं थांबवलं.

आत वारा वळवणारा एक पत्रा असतो, त्याचे दोन स्क्रू ढिले होते. तपासणाऱ्याने दुरुस्ती करायची नसते, असा नियम आहे. म्हणून मी माझा स्क्रूड्रायव्हर बेकरीवाल्यांच्या हातात दिला आणि बोटाने जागा दाखवली. माझा पाव त्यांनी माझ्याच स्क्रूड्रायव्हरने, माझ्या डोळ्यांदेखत संपवला. पुन्हा मोजलं तेव्हा कोपऱ्यात दोनशे बावीस भरले. मी सही केली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन्ही हातांनी एक सोनेरी पाव माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "ताई, आता तुम्हाला आयुष्यात कधी काळा पाव खावा लागणार नाही!"

तेव्हापासून रोज साठच्या साठ पाव सारखे निघतात. मी ते काप करून तव्यावर भाजून पाहिले, पण मग ते आतपर्यंत वाळतात. शेवटी मी बेकरीवाल्यांना रीतसर विनंती केली की एक पाव सहा मिनिटं जास्त ठेवा, वेळ मी लिहून देते. ते दुखावले. म्हणाले, "चुकून करपला तर करपला. मुद्दाम करपवायला मी काय येडा आहे? तीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे मी."

"मग चुकून करपवा," मी म्हटलं.

"चूक अशी सांगून होते का, ताई?"

त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

तर आत्या, तुझ्या विनंतीला माझं उत्तर असं, की तुझा ओव्हन मी दुरुस्त करणार नाही. येत नाही म्हणून नव्हे. पाच मिनिटांचं काम आहे, तो का तापतो ते मला अकरावीत असतानाच कळलं होतं. माझ्या ओळखीतला तो शेवटचा चुकीचा ओव्हन आहे. त्याच्यासाठी कुणाला दाखला द्यायचा नाही आणि कुणाचं काही अडलेलं नाही. तू मला भावुक म्हणशील, आई हट्टी म्हणेल. दोघींनी काय ते एकदा ठरवून मला कळवा.

गुडघ्याला जप आणि नळाच्या बाबतीत एक पाऊलही मागे घेऊ नकोस.

तुझी,
भाची

ता. क. : दुसऱ्या कुणालाही ओव्हनला हात लावू देऊ नकोस. कोपऱ्यावरच्या वायरमनला तर मुळीच नाही. तो हुशार आहे.

ता. क. : येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. साडेनऊपर्यंत पोचेन. दोन पाव लाव. डावीकडचा आख्खा माझा, या खेपेला अर्धा नको. उजवीकडचा आख्खा तुझा. तो कुणाला वाटायचा नाही, 'मला भूक नाही' म्हणायचं नाही, आणि माझ्यासमोर बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचा. वीस वर्षं तुझ्या वाट्याचा सोनेरी पाव कुणी ना कुणी खाल्ला, त्यात सात वर्षांची मी नव्हते एवढंच काय ते माझं समाधान.

ता. क. : ओव्हन दुरुस्त करायला जाते आहे असं मी आईला सांगितलंय. ती विचारेल तेव्हा म्हण, झाला.