दोन बरण्या आणि एक गुडघा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मागच्या पत्रात नुसताच नमस्कार होता, कारण गुडघा वाकत नव्हता. आता वाकतो, तेव्हा मागचाही यातच धर.) तुझी तब्येत बरी असेलच. ती बरी नाही असं तुझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही, पण रीत म्हणून विचारतो.

पत्रास कारण तुझ्या बरण्या. इस्पितळात औषधाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेला माणूस मी. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की माझे हात शिवशिवतात. आमच्याकडे साध्या खोकल्याच्या औषधावरसुद्धा नाव, मात्रा, तारीख सगळं असतं. तू मात्र आठ दिवस राहून जाताना दोन सारख्या बरण्यांत दोन सारखे हिरवे राडे ठेवून गेलीस. एक पोटात घ्यायचा, एक गुडघ्याला लावायचा. वर बजावलंस, 'निसर्गोपचाराला कसली चिठ्ठी? नाकाला कळतं.' (एकतीस वर्षं फिनेलचा वास घेतलेल्या माझ्या नाकाला काय कळणार!) तुझी पाठ वळताच मी सुवाच्य अक्षरात दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. नोकरीत कधी चुकलो नाही, घरी चुकलो. उलट्या चिकटवल्या.

ताई, मी अकरा दिवस लेप प्यायलो. पाण्यात कालवून, नाक दाबून, दोन वेळा. आणि प्यायचं औषध गुडघ्याला चोपडून वर फडकं बांधत होतो. गुडघ्याची सूज उतरली! बायको म्हणाली, तुमच्या बहिणीच्या हाताला गुण आहे. बाराव्या दिवशी तू फोनवर विचारलंस, 'गोड लागतं ना रे?' तेव्हा कुठे चिठ्ठ्यांचा घोटाळा माझ्या लक्षात आला आणि मी तो कबूल केला. आमच्या खिडकीत असं घडलं असतं तर चौकशी बसली असती. तू हसलीस आणि म्हणालीस, 'असू दे, पाला दोन्हीत तोच, एकात मध आहे एवढंच.' (मधे एकदा आमच्या डॉक्टरांना मी गुडघ्याला मुंग्या येतात असं सांगितलं होतं. त्यांनी नसांची गोळी लिहून दिली. फडकं सोडून बघितलं असतं तर मुंग्या त्यांनाही दिसल्या असत्या.)

तर बायको विचारते, तुमच्या औषधात आणि ताईंच्या औषधात फरक काय? मी म्हटलं, आमचे डॉक्टर तीन मिनिटांत तीन प्रश्न विचारतात, पण छातीच्या आत काय चाललंय ते कागदावर काढून दाखवतात. ताई तासभर बसवून घेते. कोणत्या कुशीवर झोपतोस, रागात जेवतोस का, कुणाशी अबोला आहे का, सगळं खोदून काढते. गल्लीतल्या कुणाचं दुखणं तिच्यापासून लपत नाही. फक्त तिचं स्वतःचं ती सगळ्यांपासून लपवते. बायको म्हणाली, हे मला कशाला सांगता, त्यांना लिहा. म्हणून लिहिलं. फोनवर तू विषय बदलतेस.

बाकी सर्व क्षेम. कळावे.

तुझा,
अकरा दिवस लेप पचवलेला धाकटा

ता. क. तुझा प्रश्नांचा छापील कागद इथे राहिला होता. तो मी तुझ्या नावाने भरला. जिना चढताना थांबावं लागतं का? हो. आमच्या मजल्यापर्यंत दोनदा, चपलेचं बक्कल नीट करायला. चपलेला बक्कल नाही. हात दुखतो का? डावा चोळत बसते, पिशवी उजव्या हातात असते.

आणखी एक ता. क. तो कागद हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाले, याच आठवड्यात आणा, उशीर नको. मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. सोमवारी मी गाडी घेऊन येतोय. तुझा पाला कुणी सोडायला सांगत नाही. उलट ते म्हणाले, काय काय घेतात ते सगळं सोबत आणा. मी चिठ्ठ्या लावणार नाही, शपथ.

शेवटचं ता. क. कागदावर खाली एक प्रश्न आहे, भीती कशाची वाटते? तुझं उत्तर मला माहीत नव्हतं. जागा रिकामी कशी सोडायची, म्हणून मी माझंच लिहून टाकलं: ताई नसण्याची.