नैवेद्याआधीचं इंजेक्शन

जानकीपुरम, लखनौ

ती. मधुमती आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि मिरजेचं पाणी दोन्ही ठीक असतील असं धरून चालते. इकडे बाबांचं वर्कशॉप आणि आईची पाठ आपापल्या कुरकुरीसह चालू आहेत.

तुझा फोन आल्यापासून तुझी जुई डोळ्यांसमोरून हलत नाही. वर्गातल्या मुलींसमोर टोचून घ्यायची लाज वाटते म्हणून ती डब्याआधीचं इन्सुलिन चुकवते, तू रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन उभी राहतेस तरी. तेव्हा घरातली पहिली ग्रॅज्युएट आणि या दुखण्यातली सीनियर म्हणून मी तिला धीराचं काही लिहावं, असं तुझं म्हणणं. बसले लिहायला. सुई दर वेळी नवी घ्यावी, जागा बदलत राहावी (मी पोटाच्या डाव्या बाजूलाच टोचत राहिले, कारण तिथे दुखत नाही, आता तिथे गाठ आहे, आणि डॉक्टर ती दाबून माझ्याकडे नुसतंच बघतात), आणि कुणापासून लपवू नये. या शेवटच्याशी पेन अडलं. का, ते ऐक.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा यंदाचा गणपती. मी ठरवलं होतं की आता लपवाछपवी बंद. आचारी भैया येऊन म्हणाला, "दीदी, खाना लग गया," आणि मी सगळ्यांदेखत इन्सुलिन पेन काढून टोचलं. (दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, समाज बदलतोय.) मी विसरले ते एवढंच, की जेवण लागलं तरी देवाचं व्हायचं होतं. आणि आत्या, परमुलखात आरत्या फार वाढतात. सोलापूरकरांची झाली की नागपूरकर आपली सुरू करतात, ते दमले की रत्नागिरीकर. त्यात हे 'पहले आप'वालं लखनौ. "आता तुमची म्हणा ना," "छे, आधी तुमची," हा आग्रह वेगळाच. मुलांना मराठी येत नाही, पण टाळ्या येतात.

इन्सुलिन आरतीसाठी थांबत नाही. घाम फुटला, समया दोनाच्या चार झाल्या. ग्लुकोज पर्समध्ये, पर्स बाहेर चपलांपाशी आईकडे. समोर देवाचं ताट, त्यात एकवीस मोदक. मी एक उचलला आणि खाल्ला.

आरती थांबली. (एवढा वेळ जे कुणाला जमलं नव्हतं.)

"अगं, देवाच्या आधी?" रमाकांतकाका ओरडले.

"देव थांबेल, काका," मी भरल्या तोंडानं म्हणाले.

"शिकलीय ना, म्हणून," मागून नयनाकाकू.

मग आईनं एकेकासमोर हात जोडले. ते मला बघवलं नाही. ई-रिक्षात ती एवढंच बोलली, "आत जाऊन टोचलं असतंस तर?" आत टोचलं असतं तरी साखर तेवढीच उतरली असती, हे मी तिला समजावू शकले असते. डिग्री आहे माझ्याकडे. पण ती रडत होती.

तेव्हापासून ऑफिसात मी बाथरूममध्ये टोचते. दाराला कडी नाही. एका पायानं दार धरायचं, सुई आत ठेवून दहापर्यंत मोजायचं, आणि मग बाहेर येऊन हसत डबा उघडायचा. हे जुईला कसं लिहू?

बाबांचा तुला आशीर्वाद, आईचा नमस्कार.

तुझी,
शर्वरी

ता. क. हे पत्र जुईला दाखवू नको. तिला सुईचं आणि जागेचं सांग. लपवू नये हेही सांग, माझं नाव घेऊन.

ता. क. (आणखी एक) धीर द्यायला माझ्याकडे तो शिल्लक नाही, म्हणून मागते. सुट्टीत तू तिथे असतेसच, तर तुझ्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लाव. दोघी एकदमच टोचू. तिला सांग, शर्वरीताईला एकटीनं टोचायची भीती वाटते, तेवढी सोबत कर. तिला वाटेल, आई थाप मारतेय. वाटू दे.