वरच्या आळीच्या पाण्याची चावी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, काम गावाला पाणी सोडणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर सगळ्यांच्या सांगण्याला कंटाळून, हे मृत्युपत्र लिहीत आहे. दार आतून लावले आहे. येत्या एक तारखेस आमचे गाव नगरपालिकेत विलीन होणार, त्याआधी हे कागदावर यावे.

१. राहते घर मुलास. विलीनीकरणाची बातमी आल्यापासून तो तीनदा तब्येत विचारून गेला. एरवी वर्षातून एकदा येई. तिन्ही वेळा त्याची नजर माझ्यापेक्षा भिंतींवर जास्त होती. तरी घर त्याचेच, पण वर्षभर विकू नये. तो खरेच तब्येतीसाठी येत होता असे निघाले, तर वरचे भिंतींचे वाक्य खोडावे.

२. टपालवाल्या बाईंना काहीही नाही. त्या इथे समोर बसलेल्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही दिले की लोक शंका घेतात. मी तरी घेतली असती.

३. गावात जमिनीखाली अकरा व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या जागा फक्त मला पाठ. नगरपालिकेचे इंजिनियर आले आणि गोड आवाजात म्हणाले, "काका, तेवढा नकाशा काढून द्या, की तुम्ही सुटलात." सुटलात हे मला खटकले. हे आमचे पाणी शहराकडे पळवणार, अशी खात्री वाटून मी प्रत्येक व्हॉल्व्ह कागदावर दहा पावले सरकवला. त्या नकाशावर आता शिक्का बसला आहे. मागाहून कळले, त्यांना वरच्या आळीचा सडका पाइप बदलायचा होता. एक तारखेला त्याच नकाशावरून खोदाई होईल, चालू पाइप फुटेल आणि चाळीस घरे कोरडी पडतील. मला याची लाज वाटते.

४. आज काढलेला खरा नकाशा आणि व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी माझ्या पश्चात धाकट्या बहिणीस. ती वरच्या आळीत राहते. नऊ वर्षांपूर्वी ही चावी हरवली, तेव्हा मी चारचौघांत तिच्यावर आळ घेतला. तिने बोलणे टाकले. आठवड्याने चावी माझ्याच माळ्यावर सापडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे फक्त बायकोला माहीत होते, ती आता नाही. इंजिनियरला नकाशा द्या, असे सांगायला सगळे गाव आले, बहीण आली नाही. म्हणून भरवसा तिच्यावरच.

इथवर वाचून टपालवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, खोदाई एक तारखेला आहे. त्याआधी मरणार आहात का?"

"तसा विचार नाही."

"मग ती दोन गल्ल्या सोडून तर राहते. उठा!"

सबब कलम ४ रद्द. चावी आणि नकाशा घेऊन निघालो.

स्थळ: ~~माझी मागची खोली~~ बहिणीचा उंबरठा
दिनांक: एकोणतीस, विलीनीकरणास दोन दिवस बाकी
सही: पाणी सोडणारा

साक्षीदार १: टपालवाली. यांनी कागद माझ्यासमोर लिहिला, पुढे बहिणीच्या दारात माझ्यासमोरच रडले.

साक्षीदार २: धाकटी बहीण. याला दारात उभा करून सगळे वाचले. चावी आणि नकाशा मिळाला. उद्या सकाळी दोघे इंजिनियरकडे जाऊ. चावी माळ्यावर सापडल्याचे वहिनीने मला तेव्हाच सांगितले होते. हा स्वतः कधी सांगतो, याची नऊ वर्षे वाट पाहत होते.