पाणी चढायचं थांबलं

११ फेब्रुवारी

नोकरी लागली! काम सोपं. माळावर लोखंडी पाइप रोवलेत, खोल खाली बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीपर्यंत गेलेले. झाकण काढायचं, टेप सोडायची, टोक पाण्याला लागलं की हातातली डबी वाजते, आकडा लिहायचा, पुढचा पाइप. खाण बंद केली तेव्हा पंपही काढून नेले. आता आजूबाजूच्या दगडातून, कोळशाच्या थरातून पाणी झिरपतंय आणि ती भरत चाललीय. कुठवर भरली हे मॅडमना रोज कळायला हवं. मॅडम म्हणजे पाण्याच्या तपासणीवाल्या.

दाजी म्हणाले, "भिंगरी, पायाला चाकं असलेल्यांसाठीच काढलंय हे काम. हिंडायचं आणि वर पगार."

ताई म्हणाली, "पगार हातात पडेपर्यंत हा टिकला म्हणजे मिळवली."

१४ फेब्रुवारी

चढतंय. कालच्यापेक्षा हातभर. एका झाकणाखाली पाल निघाली, टेपच सोडून पळालो.

१८ फेब्रुवारी

दाजींना पुन्हा काम मिळालं, शेजारच्या चालू खाणीत. काम जुनंच, छताला टेकू लावायचे. ताईने दाराची कडी दुरुस्त करून घेतली, पडदे धुतले. इतके दिवस घरात कुणी मोठ्याने हसत नव्हतं. मी ट्रकवर असताना एक ड्रायव्हर होता, तो गाडी बंद पडली की गायचा — असो, त्याचं नंतर.

दाजींना विचारलं, तुमच्या खाणीत त्या खाणीचं पाणी नाही का येत? म्हणाले, "मध्ये कोळशाची भिंत सोडलीय. मुद्दाम. आपल्या घरापेक्षा जाड."

आपलं घर म्हणजे दोन खोल्या. जाड की बारीक तेच कळेना.

२२ फेब्रुवारी

पाणी चढायचं थांबलं. कालही तेवढंच होतं, आजही तेवढंच. उताराकडच्या गल्लीतल्या लोकांना भीती होती की पाणी पायाखाली येणार. तिथला न्हावी एवढा खूश झाला की फुकट दाढी केली माझी. दाढी आहे कुठे, पण केली.

धावत मॅडमना सांगायला गेलो. त्यांनी चष्मा काढला. "झिरपणं थांबलंय का वरून?"

"नाही."

"मग थांबेल कसं? जेवढं येतंय तेवढं कुठूनतरी जातंय."

गालावरचा साबणाचा वास तेवढ्यात बरा वाटेनासा झाला.

२४ फेब्रुवारी

दाजींचे बूट नारिंगी झालेत. ताई ओरडत होती, हे काय माखून आणलंत. दाजी म्हणाले, कोपऱ्यात चिखल झालाय थोडा, इतके दिवस तिथलं पाणी नितळ असायचं, आम्ही तोंड धुवायचो.

बोटाने उचलून पाहिला. बुळबुळीत, गंजाचा वास. माझी टेप रोज वर येते ती ह्याच रंगाची होऊन येते.

बोललो नाही. बोलल्यावर ते खरं होईल असं वाटलं.

२५ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्या बूट बघायला घरी आल्या. ताईने चहा टाकला, तिला वाटलं माझी तक्रार आहे.

मॅडमनी दाजींना समजावलं. पाणी किती आहे त्याला महत्त्व नाही, किती उंच उभं आहे ते बघा. तेवढ्या उंचीचा दाब त्या भिंतीच्या तळाला. आधी भिंतीला घाम येतो, मग धार लागते. धारेनंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या गेल्यावर दाजी म्हणाले, "भिंगरी, आत्ताशी काम लागलंय रे मला."

२७ फेब्रुवारी

नळ गळत होता. उठून घट्ट केला. परत ऐकू येतंय.

उद्या एक टेम्पो चाललाय लांब, ड्रायव्हर ओळखीचा. पुढे बसायला जागा आहे म्हणाला. पिशवी भरली. मग रिकामी केली. पळून गेलो तर मी वाचेन, पण मी कुठे खाली जातो? खाली दाजी जातात.

२८ फेब्रुवारी

टेम्पो गेला.

१ मार्च

खाणवाल्यांनी मॅडमचं ऐकलं. त्या बाजूचं काम बंद, माणसं हलवली. उद्या भिंतीत बारीक भोक पाडून, नळ बसवून पाणी हळूहळू काढून घेणार, म्हणजे दाब उतरेल. मला एवढं हलकं वाटलं की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

वर ताई भिंतीला टेकून बसलेली. भोक पाडणाऱ्यांच्या डोक्यावरचं छत धरायला टेकूवाला हवा होता. दाजींनी हात वर केला.

"कुणीतरी करणारच ना," दाजी म्हणाले. "आणि मला ती जागा माहितीय."

ताई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "तू गप्प बसला असतास तर हे उद्या दुसऱ्या टोकाला असते."

मी म्हटलं, दुसरं टोकही त्याच खाणीत आहे, ताई.

"जा तू. जातोस ना नेहमी? मग आता का चिकटलास?"

न जेवता माळावर येऊन बसलो. दाजी मागून आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "ती घाबरलीय रे." मी म्हटलं, मीही. ते म्हणाले, "मग तिघंही."

२ मार्च

पहिल्या पाइपात टेप संपली तरी डबी वाजली नाही. दुसऱ्यातही नाही. पाइपाच्या तोंडावर हात धरला तर हवा आत ओढली जातेय. एवढं पाणी जायला जागा एकच आहे, भिंतीपलीकडे. दाजी सकाळीच तिथे उतरलेत. मॅडम फोन कानाला लावून पळत गेल्या, मला म्हणाल्या हलू नकोस, टेप सोडत राहा. सोडतोय. लिहितोय. खालून ताई माळ चढून येतेय. सकाळीही न खाता निघालो म्हणून माझ्यासाठी डबा आणलाय. लांबूनच हात हलवतेय.