बशीतली दहा बिस्किटे

सायखेड्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीतून पत्ते पिसल्याचा जो फर्रर्र आवाज यायचा, तो आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही माझ्या कानात आहे. कान, डोळे आणि डोके शाबूत असताना, कुणी हात धरून लिहवून घेत नसताना, मी देवराम रघुनाथ बोरस्ते, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगी स्नेहल हिला. जावयांनी विकायची घाई करू नये. ते सटाण्याहून "सहज आलो होतो" म्हणून येतात आणि भिंती ठोकून बघतात, हे मी पाहिले आहे.

कलम २. कवितांची जुनी पाठ्यपुस्तके शाळेला. समासात पेन्सिलीने इस्पिक, किलवर असे आढळेल. पत्त्यांच्या जादूसाठी गड्डीचा क्रम पाठ व्हावा म्हणून मी तो भुजंगप्रयातात बसवला होता. एकदा वर्गात चाल लावताना 'चौकट नव्वी' तोंडातून गेली आणि मुलांनी ती निमूट वहीत उतरवली. काय गोड वर्ग होता तो.

कलम ३. निळी वही. दुसऱ्याच्या मनातला पत्ता ओळखण्याचे जे खेळ मी जत्रेत, लग्नांत, पुढे मोबाइलवर पाहिले, ते कसे केले हे शोधून तीत लिहिले आहे. तळाचा पत्ता हळूच बघून ठेवणे, आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याला उचलायला लावणे, बहुतेक यातच बसतात. माझा नियम एकच: खेळ कधी जमला ते पाहू नये, कधी जमला नाही ते पाहावे. वही चित्रकला शिक्षक धोंडीराम पगार याला द्यायची होती, कारण गड्डी हातात धरायला त्यानेच शिकवले. आता देऊ नये. जाळावी.

कलम ४. कारण लिहिणे भाग आहे. एक खेळ त्याने कधीच शिकवला नाही. दर रविवारी तो आमच्याकडे चहाला येई. मी पत्ता मनात धरायचा, गड्डीला कुणी हात लावायचा नाही, आणि चहा संपेस्तोवर तो ओळखायचा. मी आयत्या वेळी पत्ता बदलला असे कुणी म्हणू नये, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन पत्नी कुसाबाईच्या कानात सांगून ठेवत असे. साक्षीदार म्हणून. सव्वीस वर्षे.

ती गेल्यावर तो म्हणाला, "आता ते जमायचं नाही, देवराम." मी नियम लावला. ती हरसूलला माहेरी असताना खेळ कधीच झाला नव्हता. मग एकेक आठवत गेले. कपाचा कान कुणीकडे, त्यावरून रंग. बशीत बिस्किटे किती, त्यावरून पान. चित्राचे पान असले की बिस्किटे नसत, नुसता चमचा असे; तो कसा ठेवला त्यावरून गुलाम, राणी की राजा. बदाम दश्शी धरली त्या दिवशी दहा बिस्किटे आली होती, आणि मी म्हणालो होतो, आज पाहुणचार जोरात आहे. दोघेही हसली नाहीत. ज्यांना इतके सराईतपणे हसू दाबता येते, त्यांनी माझ्यापासून आणखी काय झाकले असेल? त्याला हे मी विचारले नाही. घरी येऊ नको, इतकेच सांगितले. तीन वर्षे झाली. माझ्या अंत्यविधीलाही त्याला कळवू नये. ते कप भंगारात द्यावेत.

स्थळ: नाशिक. रविवार, ९ नोव्हेंबर २०२५.
साक्षीदार पहिले: बुद्धभूषण साळवे, शेजारी. समोर बसले आहेत.
साक्षीदार दुसरे:

त्यांचीच वाट पाहत होतो. बेल वाजली. दारात धोंडीरामाची बायको अंबूबाई, एकट्या, काठी टेकत. मी स्नेहलला सांगितलेले सगळे तिने त्यांना फोनवर कळवले म्हणे. चप्पल न काढताच बोलल्या.

"भाऊजी, हेडमास्तरकीवरून तुम्ही दोघं सात-आठ महिने बोलत नव्हते. तवा त्या खुणा मी आन् कुसाबाईनं बसवल्या. ह्यांना पाठ व्हायला तीन महिने लागले. पत्ता ओळखणाऱ्याला तुम्ही दार लावणार नाय, असं ती म्हणायची. तिनं शपथ घातली, म्हणून हे गप हायेत."

हेडमास्तरकीचा तंटा शहाण्णव सालचा. खेळही त्याच सालचा. हे मी कधी जुळवून पाहिले नव्हते.

बुद्धभूषणरावांनी पेन पुढे केले. मी त्याला टोपण लावले आणि अंबूबाईंना आत या म्हटले.

सही: कलम ३ व ४ पुन्हा लिहून झाल्यावर.